छकुलीच्या परदेशी शिक्षणाची फी

राजनंदिनी मूळची बावड्याची. वडिलांचं तिथं खतं-औषधांचं दुकान होतं, जे आता भाऊ बघतो, आणि दहावीच्या सुट्टीपासून ती दुकानात बसायची. बिलं करायची, संध्याकाळी गल्ला जुळवायचा, आणि नाही जुळला तर जुळेपर्यंत जेवायला उठायचं नाही, ही खोड तिला तिथंच लागली. पुढं बारामतीला बी.कॉम. केलं आणि निकाल लागायच्या आधीच ती वडगाव निंबाळकरात रविराजच्या घरी सून होऊन आली.

घर भरलेलं होतं. सासरे रामहरी आबा, सासूबाई कुशाबाई, धाकटा दीर विजयसिंह, मागाहून आलेली त्याची बायको स्वरूपा. ऊस होता, गोठा होता, दूध डेअरीला जायचं. सगळा व्यवहार एकत्र आणि सगळा हिशेब आबांच्या डोक्यात. कुणी काही विचारलं की आबा डोळे मिटायचे आणि फाडकन सांगायचे. पण एका वर्षी आबांच्या हृदयाची शस्त्रक्रिया झाली. ते दवाखान्यात पडून आणि इकडं घरात कुणालाच ठाऊक नाही, की विहिरीवरच्या मोटारीचं बिल भरलंय का, विम्याचे कागद कुठं आहेत. मोटारीची वीज तुटली, ऊस वाळायला लागला. आबा घरी आल्यावर कुशाबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "आता हिशेब थोरली बघंल. ती शिकल्याली हाय."

लेक छकुली तेव्हा अंगावर पीत होती. एका हातात लेक आणि दुसऱ्या हातात पेन, असं किती दिवस चालणार? विजयसिंहानंच तोड काढली. म्हणाला, "वहिनी, खर्चसखी नावाचं एक अ‍ॅप हाय. फुकट हाय. बँकेचा मेसेज आला की आपोआप लिहून घेतंय. तुमी नुसतं बघायचं." त्यानं ते तिच्या फोनवर घातलं, आबांच्या फोनवर घातलं, स्वतःच्या आणि रविराजच्याही, आणि कुटुंबप्रमुख म्हणून सगळीकडं आबांचाच नंबर टाकला. अ‍ॅपनं एकेक परवानगी मागितली, मेसेज वाचू का, संपर्क बघू का, आणि त्यानं सगळ्याला होकार दाबला.

राजनंदिनीला ते फार आवडलं. पैसे कुठं गेले त्याचं रंगीत चित्र निघायचं. ज्या खर्चाचा अर्थ अ‍ॅपला लागायचा नाही तिथं ती स्वतः दोन शब्द लिहायची. 'नवी गाय.' 'गोठा पत्रा.' आणि बारामतीच्या एका दवाखान्याला पैसे गेले तेव्हा तिनं लिहिलं, 'स्वरूपा, टेस्ट ट्यूब.' लिहिताना तिच्या मनात काहीच आलं नाही. फोन आपला, हिशेब आपला.

दवाखान्याची गोष्ट स्वरूपानं फार जपली होती. लग्नाला बरीच वर्षं होऊन गेली होती, मूल नव्हतं. नवऱ्याला माहीत, हिशेबामुळं मोठ्या जावेला माहीत. सासूला एवढंच सांगितलं होतं की औषधं चालू आहेत. गावात तर वाऱ्यालाही खबर नव्हती. बारामतीला जायचं झालं की नवराबायको कधी ट्रॅक्टरचा पार्ट आणायचं निमित्त सांगायची, कधी साड्यांचं.

तो फोन आला तेव्हा सगळी पडवीत होती. चहाची वेळ. आबा बाजेवर टेकलेले, कुशाबाई तांदूळ निवडत बसलेल्या, आणि शेजारच्या बानूबाई विरजण मागायला आलेल्या. आबांना ऐकायला कमी येतं म्हणून त्यांचा फोन कायम स्पीकरवर.

"नमस्कार रामहरीराव! कारखान्याचं उसाचं बिल जमा झालं, अभिनंदन!" गोड, शहरी आवाज.

आबा खूश झाले. "व्हय, झालं की! कोन बोलतंय?"

"आपलाच माणूस समजा. नवी गाय घेतलीत, गोठ्याला पत्रा घातलात. एकंदरीत जोरात आहे तुमचं."

"पत्रा गोठ्याला न्हाय," आबांनी दुरुस्ती केली. "वैरणीच्या शेडला."

"असू द्या, असू द्या. पण आता धाकट्या सूनबाईंच्या टेस्ट ट्यूब बेबीसाठी पैशाची ओढाताण नको. त्याच्यासाठी आमची खास योजना आहे, घरबसल्या मंजुरी..."

स्वरूपा स्वयंपाकघराच्या दारात चहाचा ट्रे घेऊन उभी होती. राजनंदिनीनं झेप घालून फोन बंद केला, पण जे ऐकायचं ते सगळ्यांनी ऐकलं होतं. स्वरूपानं ट्रे खाली ठेवला, एक कपही न सांडता, आणि ती आत निघून गेली. कुशाबाईंचा हात तांदळातच थांबला. बानूबाई उठल्या. "विरजण ऱ्हाऊ द्या, उद्या नेईन," म्हणाल्या आणि चपला पायात सरकवत निघाल्यासुद्धा. अंधार पडायच्या आत गावभर होणार, हे राजनंदिनीला त्या पाठमोऱ्या पदराकडं बघूनच कळलं.

विजयसिंह डेअरीवरून आला तो तोंड पाडूनच. तिथंही कुणीतरी त्याला विचारलं होतं. आतून स्वरूपा बाहेर आली. रडून झालं होतं, आता आवाज कोरडा होता.

"ताई, दवाखान्याचं ह्यांनी कुनाला सांगितलं न्हाय. मी न्हाय. आत्यांना नावसुदिक म्हाईत नव्हतं. मग ऱ्हायलं कोन?"

"स्वरूपा, माझ्या लेकीची शपथ..."

"लेकीची शपथ घालू नका. तुमाला हाय म्हणून घालता." ते वाक्य बोलून तीच दचकली, पण थांबली नाही. "तुमच्या भावाच्या दुकानात दिवसभर लोनवाले बसलेलं असत्यात. बावड्याला गेलता, तवाच बोलला असाल."

राजनंदिनीनं रविराजकडं बघितलं. तो खाली बघत होता. नंतर खोलीत दार लोटून त्यानं हळूच विचारलं, "खरंच कुनाला बोलली न्हाईस ना?" स्वरूपाच्या बोलण्यानं जे झालं नव्हतं ते त्या प्रश्नानं झालं. एवढी वर्षं संसार करून हा माणूस हे विचारतो. ती कपड्यांच्या घड्या घालत राहिली. घातलेल्या घड्या मोडून परत घातल्या.

दुसऱ्या दिवसापासून स्वरूपा दोघांपुरतं वेगळं रांधायला लागली. सगळ्यांचं झाल्यावर गॅसपाशी यायची, आपलं करायची, ताटं खोलीत न्यायची. सडकेला लागून त्यांचं एक दोन खोल्यांचं घर होतं, मजुरांना राहायला बांधलेलं. विजयसिंहानं आबांना त्याची किल्ली मागितली. आबांनी किल्ली दिली नाही आणि नाही असंही म्हटलं नाही. दूध घालायला गेलेल्या बाया स्वरूपाला आडून आडून विचारायच्या, "गुण येतोय का गं?" ती दूध तसंच ठेवून यायची.

सगळ्यांत वाईट हे झालं, की ती दवाखान्यात जाईना. इंजेक्शनं ठरलेल्या दिवशी घ्यायची असतात. विजयसिंह गाडी काढून दारात उभा राहिला. ती आतून म्हणाली, "गावाला कळलंय. आता काय जायचं? यश न्हाय आलं तर त्येबी गावाला कळंल." त्यानं गाडी परत शेडमध्ये घातली. वहिनीच्या अंगावरून जाताना म्हणाला, "झालं का समाधान?" त्यानं तिला कधी एकेरी हाक मारली नव्हती, कधी आवाज चढवला नव्हता. आजही चढवला नाही, आणि तेच जास्त लागलं.

राजनंदिनी कामात चुकायला लागली. भाजीत दोनदा मीठ पडलं. बावड्याला भावाला फोन करून तिनं अक्षरशः उलटतपासणी घेतली, तोही चिडला. तिला विजयसिंहाचाही संशय आला. मित्रांत बसतो, एखाद्याला बोलला असेल. संशय आला की तिची तिलाच लाज वाटायची आणि तरी तो जायचा नाही.

मग एका सकाळी ती वैरण काढायला शेडमध्ये गेली. वर नवा पत्रा उन्हात चकाकत होता. विळा बाजूला ठेवून ती त्या पत्र्याकडं बघत राहिली.

त्या माणसानं 'गोठ्याला पत्रा' म्हटलं होतं. आबांनी दुरुस्त केलं होतं त्याला. पत्रे आणले होते गोठ्यासाठी, पण ऐनवेळी वैरण भिजू नये म्हणून इथं टाकले. हे वडगावात येणाऱ्याजाणाऱ्याला दिसत होतं. विजयसिंहाला माहीत होतं, बावड्याच्या भावाला माहीत होतं, तो इथं येऊन गेला होता. या घरातलं कुठलंही माणूस बोललं असतं तर 'वैरणीची शेड' म्हणालं असतं. 'गोठा पत्रा' हे दोन शब्द जगात एकाच ठिकाणी होते. तिनं स्वतः लिहिलेले, तिच्या फोनात.

आणि त्याच ठिकाणी 'स्वरूपा, टेस्ट ट्यूब' होतं.

ती तिथंच पेंढीवर बसली. हायसं वाटायच्या जागी तिला आठवलं, ते नाव तिनंच टाइप केलं होतं.

त्याच दिवशी, माहेरी जाते असं सांगून, ती वालचंदनगरला गेली. वल्लरी तिची कॉलेजातली मैत्रीण. तिचे वडील चिंतामणकाका कंपनीत ड्रॉइंग ऑफिसात होते, राहायला क्वार्टर्समध्ये. कॉलेजात असताना राजनंदिनी त्यांच्याकडं अभ्यासाला जायची आणि काका रविवारी कॉम्प्युटरवर घरखर्च मांडत बसलेले असायचे, हे तिच्या डोक्यात होतं. तिनं दोघांना सगळं सांगितलं. सांगताना दवाखान्याचं नाव मात्र घेतलं नाही. आता तोंडातून एक शब्दही बाहेर टाकायची तिला भीती वाटत होती.

काकांनी तिचा फोन हातात घेतला, अ‍ॅपच्या अटी उघडल्या आणि चष्मा वर करून वाचायला लागले. बराच वेळ वाचत होते. "हे बघ, इथं लिहिलंय. तुमची माहिती आम्ही आमच्या सहयोगी संस्थांना देऊ शकतो. तुम्ही होकार दिलाय."

"म्हणजे त्यांनीच दिली?"

"तशी शक्यता आहे. पण ही तुझी अटकळ झाली, राजनंदिनी. जाऊबाईला काय दाखवशील? इंग्रजी अटी?"

वल्लरीनं चहा ठेवला. काकांनी आपला कॉम्प्युटर चालू करून दाखवला. ग्नूकॅश नावाचा प्रोग्राम. फुकट मिळतो, पण कुणा कंपनीच्या मालकीचा नाही, जगभरातली माणसं मिळून तो लिहितात. तो कसा लिहिलाय ते कुणालाही उघडून वाचता येतं. "आणि याला इंटरनेट लागत नाही. लिहिशील ते तुझ्या घरातल्या डब्यात राहतं. पण आपोआप काही होत नाही हं. प्रत्येक रुपया कुठून आला आणि कुठं गेला, दोन्ही तूच लिहायचं." राजनंदिनीनं पडद्याकडं बघितलं. जमा एकीकडं, नावे दुसरीकडं, दोन्ही बाजू जुळलेल्या. हे तर ती बी.कॉम.ला शिकली होती. काकांनी पेनड्राइव्हवर प्रोग्राम घालून दिला. तिनं तो पर्समध्ये ठेवला, पण तिचं लक्ष त्यात नव्हतं. जाऊबाईला काय दाखवशील, हेच परतीच्या एसटीत तिच्या कानात वाजत राहिलं. वडगावच्या फाट्यावर उतरेपर्यंत तिनं काय करायचं ते ठरवलं होतं.

सकाळी धारा काढताना ती कुशाबाईंच्या शेजारी जाऊन बसली.

"आत्या, मी एक खोटी गोष्ट लिहिणार हाय. तुमच्यासमोर. हे तुमच्याशिवाय कुनालाच कळता कामा नये. ह्यांनासुद्धा न्हाय."

कुशाबाईंनी सड सोडले नाहीत. "कशापायी?"

तिनं सांगितलं. कुशाबाई ऐकत राहिल्या, बादलीत धारेचा आवाज चालू होता. मग म्हणाल्या, "आन् न्हाय आला फोन, तर?"

"तर स्वरूपा म्हणती ते खरं धरा."

कुशाबाईंनी तिच्याकडं नीट बघितलं. "लिव्ह," म्हणाल्या.

राजनंदिनीनं खर्चसखी उघडलं. असं काहीतरी हवं होतं की जे योगायोगानं कुणाच्या तोंडी येणार नाही. तिनं टाइप केलं, 'छकुली, परदेशी शिक्षण फी', आणि पुढं एक भलामोठा आकडा घातला. छकुली तेव्हा अंगणवाडीत जात होती, आणि तिथंही रोज रडत. कुशाबाईंनी पदराला हात पुसून फोन जवळ घेतला, एकेक अक्षर जुळवत वाचलं आणि परत दिला. हसल्या नाहीत.

मग वाट बघणं सुरू झालं. आबांचा फोन वाजला की दोघी सासवासुना हातातलं काम टाकून उभ्या राहायच्या. कधी डेअरीचा फोन, कधी पेंडवाल्याचा, कधी इंदापूरहून मेव्हण्यांचा. आबा वैतागले. "माझा फोन म्हंजे काय तमाशा हाय का? काय बघताय?" दिवसामागून दिवस चालले. सडकेच्या घराची किल्ली आबांनी शेवटी विजयसिंहाच्या हातावर ठेवली. स्वरूपानं डबे पोत्यात भरायला घेतले. रविराज एकदा म्हणाला, "तू जरा तिची माफी मागून टाक ना. मिटंल." राजनंदिनी म्हणाली, "न केल्याल्या गोष्टीची?" आणि म्हणता म्हणता तिचीच जीभ अडखळली. कारण आता ते पुरतं खरं राहिलं नव्हतं.

कुशाबाई तिच्याशी बोलत होत्या, पण त्यांची नजर बदलली होती. फोन येत नव्हता तसतशी ती नजर थंड होत चालली होती. राजनंदिनीला वाटायला लागलं, आपण उगीच शहाणपणा केला. त्या लोकांना संशय आला असेल. किंवा मुळात आपलंच चुकलं असेल, पत्र्याचं त्या माणसानं नुसतं अंदाजानं फेकलं असेल.

सडकेच्या घराला चुना लावून झाला होता. विजयसिंह दोरीनं पलंग ट्रॉलीत बांधत होता. आबांचा फोन वाजला.

"नमस्कार, रामहरीजी बोलत आहेत का?" या वेळी बाईचा आवाज होता. "सर, तुमची नात परदेशी शिकायला निघाली आहे, त्याबद्दल अभिनंदन. आमच्याकडं एज्युकेशन लोन..."

आबा गोंधळले. "कोन निघालंय?"

कुशाबाई जागच्या उठल्या. एवढ्या चपळाईनं त्यांना उठताना राजनंदिनीनं कधी बघितलं नव्हतं. त्यांनी आबांच्या हातातून फोन ओढून घेतला आणि अंगणाकडं तोंड करून ओरडल्या, "स्वरूपा! भाईर ये! विजू, दोरी सोड, हितं ये!" मग फोन तोंडाशी धरून अगदी मऊ आवाजात म्हणाल्या, "बाई, कोंची नात म्हणलीस?"

"छकुली, मॅडम. नाव बरोबर आहे ना?"

"बराबर हाय की. आन् कुठल्या देशात निघालीया म्हणं?"

"ते तुम्ही सांगाल तसं, मॅडम. आम्ही सगळ्याच देशांसाठी..."

छकुली पायरीवर बसून बिस्किटाचा चिखल करून खात होती. स्वरूपा तिच्याकडं बघत राहिली.

"तुला हे सांगितलं कुनी?" कुशाबाईंनी विचारलं. आता आवाजातला मऊपणा गेला होता. पलीकडून खट्ट आवाज झाला. फोन बंद.

कुशाबाईंनी सगळ्यांना सांगितलं. गोठ्यात काय बोलणं झालं, काय लिहिलं, कुणासमोर लिहिलं. "माझ्या डोळ्यादेखत लिवलं तिनं. मी आन् ती, तिसऱ्याला म्हाईत न्हाय. मग ह्या भवानीला कुठनं कळलं?" विजयसिंहानं स्वतःच्या खिशातला फोन काढला आणि तो जणू चावणार असल्यासारखा हातात धरून उभा राहिला. रविराज बायकोकडं बघत होता. या वेळी तिनं त्याच्याकडं बघितलं नाही.

तिचं लक्ष स्वरूपाकडं होतं. स्वरूपा पुढं आली.

"म्हंजे तुमी कुनाला बोलला न्हाई."

"न्हाई."

"पर लिवलं तुमीच. माझं नाव."

राजनंदिनीला वाटलं होतं, फोन आला की सुटलो. तसं नव्हतं. "व्हय," ती म्हणाली. "लिवलं मी. मला वाटलं, आपल्याच फोनात हाय. तुला इच्यारायला पायजे हुतं."

"नाव लिवायची काय गरज हुती, ताई?"

स्वरूपा आत गेली. पलंग ट्रॉलीतून उतरवला गेला नाही, पण ट्रॉली त्या दिवशी हललीही नाही.

पुढच्या रविवारी विजयसिंहाचा कॉलेजातला जुना लॅपटॉप राजनंदिनीनं पुसून स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवला. चारही फोनवरचं खर्चसखी काढायचं होतं. आधी जुना हिशेब उतरवून घ्यावा म्हटलं तर अ‍ॅप म्हणालं, त्यासाठी पैसे भरा. स्वतःचाच हिशेब, आणि विकत घ्यायचा. तिनं तो सोडून दिला. खातं पुसून टाका अशी मागणी नोंदवली, परवानग्या एकेक करून काढल्या आणि अ‍ॅप उडवलं. बँकेतून वर्षाचा उतारा आणला होता, त्यावरून ग्नूकॅशमध्ये एकेक ओळ टाइप करायला बसली.

विजयसिंह दारात उभा राहून बघत होता. त्याला राग होता, आणि आता तो बराचसा स्वतःवरच होता. अ‍ॅप त्यानंच आणलं होतं.

"वहिनी, त्येबी फुकट हुतं, हेबी फुकट हाय. ह्यात काय येगळं? ह्येनंबी उद्या कुनाला इकलं तर?"

"नेट बंद करा."

"आं?"

"राऊटर बंद करा आन् मग बघा चालतंय का."

त्यानं राऊटरची पिनच उपसली. लॅपटॉप उचलला, पार गोठ्यापलीकडं उसाच्या कडेला घेऊन गेला आणि तिथं उभ्या उभ्या एक नोंद करून बघितली. झाली. परत आला. "चालतंय," म्हणाला. "पर आपोआप काय व्हत न्हाय."

"आपोआपनंच तर झालं समदं," कुशाबाई ओट्याकडून म्हणाल्या.

काकांनी एक धोका सांगून ठेवला होता. या प्रोग्रामला स्वतःचं कुलूप नाही, लॅपटॉपलाच पासवर्ड ठेवावा लागतो, आणि फाइलची एक नक्कल पेनड्राइव्हवर कपाटात. पासवर्ड कुणाकडं ठेवायचा यावर पुन्हा ताण आला. रविराज म्हणाला, माझ्याकडं. आबा म्हणाले, माझ्याकडं. राजनंदिनीनं लॅपटॉप टेबलावर उलट फिरवला आणि स्वरूपासमोर सरकवला. ती भाकरीच्या पिठाची परात घेऊन चालली होती.

"तू ठेव पासवर्ड. मला लागंल तवा तू येऊन उघड."

"मला नगं."

"दवाखान्याचे पैसे हितनं गेल्यात. कुठंतरी दाखवावं लागतंय, न्हायतर जुळत न्हाय. पर मी लिवनार न्हाय. तू लिव्ह, काय नाव द्यायचं ते."

स्वरूपा परात धरून उभी राहिली. राजनंदिनीनं मान खाली घातली होती, आपण बघतोय असं तिला वाटू नये म्हणून. परात ओट्यावर टेकल्याचा आवाज आला. स्वरूपानं हात धुतले, पुसले, आणि एका बोटानं टाइप केलं, 'स्वरूपा खाजगी'. मग पासवर्डही तिनंच घातला, इतरांकडं पाठ करून.

लगेच सगळं गोड झालं असं नाही. फोन येतच राहिले. एकदा बाहेर गेलेली माहिती परत डब्यात भरता येत नाही. आठवड्याला एखादा तरी यायचा, कधी कर्ज, कधी विमा, कधी दवाखाना. आबांनी शेवटी नंबर बदलला. रविराजनं एकदा जेवताना, सगळ्यांसमोर, 'मी तुला तसं विचारायला नको होतं' असं म्हटलं. राजनंदिनीनं त्याच्या ताटात भाजी वाढली. त्यापलीकडं त्या विषयावर ती दोघं कधी बोलली नाहीत.

आणि विजयसिंह-स्वरूपा दिवाळीनंतर सडकेच्या घरात राहायला गेलीच. आता भांडण नव्हतं. स्वरूपा म्हणाली, मला जरा चार भिंती पायजेत. कुणी अडवलं नाही. तिनं एक जुना लॅपटॉप घेतला आणि पेनड्राइव्ह मागायला आली. कुणाला विचारायचं नव्हतं, पैसे द्यायचे नव्हते, त्या प्रोग्रामच्या हव्या तेवढ्या नकला करता येतात. राजनंदिनीनं घालून दिला. शेतीचा एकत्र हिशेब या घरात राहिला, तिचा संसार तिच्या घरात.

दूध मात्र एकत्रच जायचं, आणि डेअरीच्या महिन्याच्या बिलाच्या वेळी दोन्हीकडचे आकडे ताडून बघावे लागायचे. त्यासाठी एका दुपारी राजनंदिनी सडकेच्या घरी गेली होती. पेंडेच्या पोत्याची एक नोंद स्वरूपानं दोनदा केली होती. दोघींनी ती शोधून काढली, थोडा वाद झाला, चूक कुणाची यावरून. नेहमीचा, घरगुती वाद. बाहेरून उसाच्या ट्रॉल्या धडधडत जात होत्या.

लॅपटॉप मिटवताना स्वरूपा म्हणाली, "दवाखाना परत सुरू केलता, ताई. पयल्यांदा जमलं न्हाय. मागच्या महिन्यात."

राजनंदिनीला माहीत नव्हतं. कुणीच सांगितलं नव्हतं, आणि आता ते कुठंही तिच्या डोळ्यांना दिसत नव्हतं.

"डॉक्टर म्हणाल्या, परत करू." स्वरूपा पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. "परवा जायचंय. ह्यांना रानात पाणी धरायचंय. तुमी येताल का माझ्यासंगं?"

"स्कूटीवर जाऊ," राजनंदिनी म्हणाली. "सकाळी लवकर निघू, म्हंजे ऊन व्हायच्या आत पोचतोय. आत्यांना काय सांगायचं ते तूच सांग."

"मी सांगितलंय त्यांना," स्वरूपा म्हणाली.